वेड, खूळ आणि हसू : मराठी विनोदपरंपरेतील मनोविकाराचे स्थान

१

‘वेड’ हा मराठीतील एक अत्यंत सोशीक शब्द आहे. नाटकाचे वेड, क्रिकेटचे वेड, मूल लावते ते वेड आणि रुग्णालयात न्यावे लागते ते वेड, या साऱ्यांचे ओझे हा एकच शब्द वाहतो. त्याच धातूपासून झालेल्या ‘वेडावणे’ या क्रियापदाला तर दोन अर्थ आहेत. एखादा माणूस दुःखाने वेडावतो. आणि एखादे पोर दुसऱ्याच्या बोलण्याची नक्कल करून, तोंड वाकडे करून त्याला वेडावून दाखवते. पहिल्या अर्थात विकार आहे, दुसऱ्यात विडंबन. मनाचा तोल जाणे आणि कुणाची टर उडवणे या दोन क्रियांसाठी भाषेने एकच रूप वापरावे, याकडे मराठी विनोदाच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

विनोदाच्या मीमांसेची मराठीतील परंपरा काही लहान नाही. न. चिं. केळकरांचे ‘सुभाषित आणि विनोद’ १९०८ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच विषयाची विस्तृत मांडणी करणारे ‘हास्यविनोदमीमांसा’ १९३७ साली. तेव्हापासून विनोदाचे मूळ विसंगतीत शोधण्याची वहिवाट पडली. अपेक्षा एक आणि घडते भलतेच, बोलणे एक आणि वागणे दुसरे, या विसंगतीची अचानक जाणीव झाली की हसू येते, असे आपण वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. परंतु मनोविकाराची व्याख्या करू गेल्यास तीही विसंगतीपाशीच येऊन थांबते. मनातील वास्तव आणि बाहेरील वास्तव यांचा मेळ न बसणे, प्रसंग आणि भावना यांचे प्रमाण बिघडणे, एकाच कल्पनेने सर्व विचार व्यापून टाकणे ही विसंगतीचीच रूपे होत. मग एका विसंगतीला आपण हसतो आणि दुसरीपाशी आपले हसू का थबकते?

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर सहानुभूतीचे आहे. हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, अशा आशयाचे विवेचन आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली केले. या उत्तरानुसार, करुणा जागी झाली की हास्य मावळते. उत्तर सोयीचे असले तरी मराठी साहित्याच्या अनुभवाशी ते पूर्णपणे जुळत नाही. आपल्याकडील कितीतरी पात्रांना वाचक एकाच वेळी हसतो आणि त्यांच्यासाठी कळवळतोही. तेव्हा सहानुभूती किती, यापेक्षा हसण्याची सूत्रे कोणाच्या हाती आहेत हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. विसंगतीचे भान पात्राला आहे, की केवळ प्रेक्षकाला, की दोघांपैकी कोणालाच नाही? या कसोटीवर मराठीतील काही ठळक कृती तपासून पाहण्यासारख्या आहेत.

तत्पूर्वी एक लोकप्रिय समजूत बाजूला सारणे अगत्याचे आहे. विनोद करणारा माणूस आतून दुःखी, किंबहुना रुग्णच असतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. गडकऱ्यांविषयी लिहिताना हा मोह विशेष होतो. ‘बाळकराम’ या टोपणनावाने महाराष्ट्राला हसवणारा हा लेखक २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, सावनेर येथे क्षयाने गेला. आणि मग त्याच्या विनोदाच्या प्रत्येक ओळीमागे अश्रू शोधण्याचे काम सुरू झाले. या विषयावर अलीकडे काही पद्धतशीर संशोधनही झाले आहे. २०१४ साली ब्रिटनमधील एका मानसोपचारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५२३ विनोदी कलावंतांना प्रश्नावली देण्यात आली होती. एकलकोंडेपणा आणि उतावीळपणा या परस्परविरोधी वाटणाऱ्या प्रवृत्ती त्यांच्यात एकत्र आणि सर्वसामान्य लोकांहून अधिक प्रमाणात आढळल्या. परंतु संशोधकांनी मोजल्या होत्या त्या स्वभावप्रवृत्ती, आजार नव्हे. प्रवृत्ती आणि विकार यांत तापट स्वभाव आणि ज्वर यांच्याइतके अंतर आहे, ही गोष्ट वृत्तपत्री सारांशांत हरवून गेली. शिवाय लेखकाच्या प्रकृतीवरून कृतीचा अर्थ लावणे म्हणजे दाराऐवजी खिडकीतून घरात शिरणे होय. प्रस्तुत विवेचनाचा रोख लेखकाच्या मनाकडे नसून संहितेतील वेडाकडे आहे.

२

या विवेचनाचा आरंभ आधुनिक काळापासून करण्याचे कारण नाही. मराठी गद्याच्या पहिल्या शतकातच एक असा ग्रंथ आहे, की ज्याचा नायक गावाच्या दृष्टीने वेडा आहे. म्हाइंभटकृत मानले जाणारे ‘श्रीगोविंदप्रभुचरित्र’, म्हणजेच ‘ऋद्धिपुरलीळा’, हा तेराव्या शतकाच्या अखेरचा ग्रंथ. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू, अर्थात गुंडम राऊळ, विदर्भातील रिद्धपूर येथे ज्या रीतीने वावरत, त्याची ही छोट्या छोट्या लीळांतून केलेली नोंद आहे. कुणाच्याही घरात शिरून अन्न मागावे, पोरांबरोबर खेळावे, मध्येच हसावे, मध्येच संतापावे, स्पृश्यास्पृश्यतेची चौकट जणू दिसतच नाही अशा रीतीने गावभर फिरावे, असे त्यांचे वर्तन. गाव त्यांना वेडे म्हणते आणि तेच गाव त्यांना माय आणि बापही म्हणते. ॲन फेल्डहाउस यांनी १९८४ साली या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी वेड आणि ईश्वरत्व यांच्या या सांध्याचा विशेष विचार केला.

विनोदाच्या दृष्टीने या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे, की त्यातील कित्येक लीळा निखळ हास्यकारक आहेत आणि तरीही निवेदक हसत नाही. तो स्थळ सांगतो, घडले ते सांगतो, राऊळ काय म्हणाले ते सांगतो आणि थांबतो. वर्तनाचा खुलासा नाही, क्षमायाचना नाही, चमत्काराचा गाजावाजाही बेताचाच. वाचकाला हसू आले तर ते त्याचे; भक्ती दाटली तर तीही त्याचीच. भाविक वाचक याला परमेश्वरी अवताराची लीळा म्हणेल आणि वैद्यकाचा अभ्यासक कदाचित लक्षणांची यादी करू लागेल. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला असे निदान चिकटवणे अशास्त्रीय आहे, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. साहित्याच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटावे ते इतकेच, की येथे ‘वेडा’ हे विशेषण माणसाला समाजाबाहेर काढीत नाही. गाव हसते, कधी वैतागते, पण ताट वाढून पुढे ठेवते.

पुढे संतकाव्यात ‘पिसे’ हा शब्द भक्तीच्या पराकोटीसाठी रूढ झाला. तेथे वेड हे अलंकार बनले आणि अलंकार झाल्यावर त्यातील माणूस अंधूक झाला. तो विषय स्वतंत्र अभ्यासाचा आहे.

वेडाच्या सोंगाची परंपरा याहून वेगळी. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार घराघरांत आहे. श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावच्या मोगली छावणीला मराठ्यांनी हूल देऊन लुटल्याची कथा त्याच्याशी जोडली जाते. कथेचा ऐतिहासिक भाग किती, हा वाद बाजूला ठेवला तरी ‘पांघरणे’ या क्रियापदातील नेमकेपणा दाद देण्याजोगा आहे. पांघरलेले वेड काढून ठेवता येते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ (१८८३) केले आणि गणपतराव जोशींनी त्यातील चंद्रसेन गाजवला, तेव्हा मराठी प्रेक्षकाला अशा पांघरलेल्या वेडाचे आधुनिक रूप प्रथम भेटले. सोंग घेणाऱ्या वेड्याला वाटेल ते बोलण्याची मुभा असते, आणि त्याच्या बोलण्यातील विसंगतीचे भान त्याला स्वतःला पुरेपूर असते. म्हणूनच त्याच्या विनोदाला धार येते. मात्र त्याच नाटकातील दुसरे, खरे वेड पाहताना प्रेक्षक हसत नाही. एकाच कृतीत ही दोन वेडे समोरासमोर ठेवण्याचे शेक्सपिअरचे धाडस मराठी नाटककारांना पुढे क्वचितच पेलले.

३

विसाव्या शतकातील मराठी विनोदाने वेडापेक्षा खुळाला अधिक जवळ केले. खूळ म्हणजे वेडाचा पाळीव प्रकार. ते घरात राहते, जेवायला वेळेवर येते, आणि शेजाऱ्यांना थोडा त्रास झाला तरी पोलिसांना बोलवावे लागत नाही. आचार्य अत्र्यांचे ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) हे या प्रकाराचे उत्तम उदाहरण. सूर्यनमस्कार हा सर्व रोगांवरील एकमेव उपाय आहे, या कल्पनेने झपाटलेल्या गृहस्थाचे हे घर. त्या काळी औंधचे पंतप्रतिनिधी भवानराव सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार करीत होते आणि पुण्या-साताऱ्याकडील मध्यमवर्गात या व्यायामाची लाट आली होती. त्यामुळे नाटकातील खूळ प्रेक्षकांच्या शेजारच्याच आळीतले होते. गंमत अशी, की येथे आरोग्याच्याच अतिरेकाला रोगाचे रूप आले आहे. बर्गसाँने हास्याचे मूळ यंत्रवत् ताठरपणात पाहिले. तो ताठरपणा येथे अक्षरशः नमस्कारांच्या आवर्तनांतून रंगमंचावर येतो. पण या माणसाला आपल्या खुळाचे भान नाही आणि नाटककाराला त्याला ते द्यायचेही नाही. भान सर्वस्वी प्रेक्षकाकडे आहे. खूळ जिरले, लग्ने जुळली, पडदा पडला. अशा विनोदात कोणाचेही काही बिघडत नाही. आणि म्हणूनच तो मनोविकाराच्या प्रश्नाला स्पर्श करून लगेच मागे सरतो.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मध्ये (या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला) खुळाचे हे रूप पुष्कळ सूक्ष्म झाले आहे. ‘वल्ली’ हा शब्दच पाहावा. ‘वली’ म्हणजे सत्पुरुष. त्याचा मराठीत ‘वल्ली’ झाला आणि तऱ्हेवाईक माणसाला तो लागू लागला. वेडा आणि संत यांचे जुने नाते या शब्दाने गुपचूप सांभाळून ठेवले आहे. संग्रहातील हरितात्या शिवकालाविषयी असे बोलतात, की जणू त्या त्या प्रसंगी ते जातीने हजर होते. काटेकोरपणे पाहता हा कालभ्रम आहे. परंतु निवेदक त्याकडे बालपणीच्या नजरेतून पाहतो, आणि मुलाच्या दृष्टीने इतिहासात राहणारा माणूस भ्रमिष्ट नसून भाग्यवान असतो. निवेदनाचे स्थान बदलले असते, तेच बोलणे हरितात्यांच्या एखाद्या कर्त्या मुलाच्या तोंडून सांगितले असते, तर वाचकाला हसू आले असते का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना अवश्य विचारून पाहावा. वल्लीच्या विनोदात नेहमीच एक माणूस चित्राबाहेर राहतो. वल्लीबरोबर संसार करणारा.

४

मराठी रंगभूमीवर विनोद आणि विकार यांची सर्वांत विलक्षण गाठ पडली ती राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकात. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आतच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास त्याचा पहिला प्रयोग केला. मद्यपाश हा मनोविकार आहे असे म्हणण्याची तेव्हा रीत नव्हती; ते व्यसन होते, म्हणजे नैतिक स्खलन होते. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मद्यावरील अवलंबित्व मानसिक आणि वर्तनविषयक विकारांत मोडते. हे नवे ज्ञान हाती घेऊन तळीरामाकडे पुन्हा पाहिले, म्हणजे त्याच्या विनोदाचे स्वरूप बदलून जाते.

तळीरामाविषयीचा जुना आक्षेप सर्वपरिचित आहे. दारूचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी लिहिलेल्या नाटकात दारूची तरफदारी करणारा इसमच सर्वांत गोड बोलतो, टाळ्या तोच घेतो. त्यामुळे शोकांतिकेचा परिणाम विस्कटतो, असा तो आक्षेप. याला दिले जाणारे उत्तरही परिचित आहे. गंभीर कथानकात विनोदाचा विसावा हवा, म्हणून तळीराम हवा. आक्षेप आणि उत्तर या दोहोंत एक गृहीत समान आहे, की तळीरामाचा विनोद आणि सुधाकराचा विनाश या दोन वेगळ्या गोष्टी असून त्या शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. हे गृहीतच तपासले पाहिजे.

तळीराम काय बोलतो? तो दारूचे नुसते गुणगान करीत नाही, तर तर्क लढवतो. प्रत्येक आरोपाला त्याच्यापाशी प्रत्यारोप असतो, प्रत्येक नियमाला अपवाद, प्रत्येक धर्मवचनाला सोयीचे भाष्य. तो ‘आर्य मदिरा मंडळ’ स्थापन करतो आणि त्याला सभा-संमेलनांचे सारे सोपस्कार बहाल करतो; शास्त्री आणि खुदाबक्ष एकाच बैठकीत बसवतो. त्या काळच्या पुण्या-मुंबईतील समाजसुधारणेच्या मंडळ्यांचे हे फर्मास विडंबन आहे, हे सगळेच टीकाकार सांगतात. पण व्यसनाधीन माणसांबरोबर काम करणाऱ्या कोणालाही या तर्कातून आणखी काही ऐकू येईल. आपण पितो याचे कारण आपल्यात नसून जगात आहे, आपण केव्हाही सोडू शकतो, न पिणारेच खरे ढोंगी आहेत, ही नकाराची भाषा आहे. विकाराने स्वतःच्या बचावासाठी उभारलेली ही तटबंदी असते आणि तिचे सर्वांत मजबूत बुरूज बहुधा विनोदाचे असतात. घरातल्यांनी जाब विचारला की एखादी कोटी करावी, ऐकणाऱ्याला हसू फुटावे आणि जाब विचारण्याचे राहून जावे, हा अनुभव व्यसनी माणसाच्या घरी नवा नाही.

या दृष्टीने पाहता, तळीराम हा सुधाकराच्या शोकांतिकेतील विसावा नसून त्या रोगाची वाणी ठरतो. सुधाकर हा बुद्धिमान आणि मानी वकील आहे. न्यायालयातील प्रसंगाने सनद तात्पुरती जाते, मन दुखावते आणि पहिला प्याला पुढे येतो. प्याला पुढे करणारा हात तळीरामाचा आहे, आणि त्या प्याल्याबरोबर येते ती तळीरामाची भाषा. पुढे सुधाकर स्वतःच्या अधोगतीचे विश्लेषण करतो. व्यसनाच्या पायऱ्या तो एखाद्या वैद्याच्या अलिप्तपणे सांगतो. त्या भाषणात विनोद औषधालाही नाही. विकाराचे पूर्ण भान आले, पण सुटकेची वाट दिसत नाही, अशा अवस्थेत हसू संपलेले असते. उलट तळीरामाला मरणशय्येवरही हे भान येत नाही. त्याच्या उशाशी डॉक्टर आणि वैद्य आपापल्या शास्त्राच्या श्रेष्ठत्वासाठी भांडतात, तो प्रवेश प्रेक्षागृहात हशा पिकवीत आला आहे. त्या हशाचे लक्ष्य वैद्यकव्यवसाय असला तरी त्यात भर पडते ती रोग्याच्याच वृत्तीची. तोही स्वतःच्या मृत्यूकडे दुसऱ्या कुणाची मौज म्हणून पाहतो.

म्हणजे येथे विसंगतीचे भान वाटले गेले आहे. सुधाकराकडे भान आहे, हसू नाही. तळीरामाकडे हसू आहे, भान नाही. एका व्यसनी माणसाच्या मनाचे हे दोन तुकडे गडकऱ्यांनी दोन पात्रांत मांडले, असे म्हटले तर ते ताणलेले वाटू नये. प्रेक्षक तळीरामाला हसतो, त्या प्रत्येक वेळी तो नकळत आर्य मदिरा मंडळाचा सभासद होत असतो. सिंधूच्या दुर्दशेचे दृश्य लगेच पुढे येते, तेव्हा मघाशी हसलो याची त्याला लाज वाटावी, अशी ही रचना आहे. तळीरामामुळे परिणाम विस्कटतो असे म्हणणाऱ्यांना ती लाज जाणवली होती. तिचे कारण मात्र त्यांनी नाटककाराच्या उणिवेत शोधले.

याच्या उलट उदाहरण म्हणून वसंत कानेटकरांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’ (१९५७) या पहिल्या नाटकाचा उल्लेख करता येईल. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते रंगमंचावर आणले. मनोविश्लेषणाच्या अंगाने जाणाऱ्या या नाटकाला शीर्षक लाभले ते एका गमतीदार म्हणीचे; पण म्हणीतील हसू नाटकात शिरत नाही. विकार गंभीर आहे म्हणून भाषाही गंभीर हवी, असा एक संकेत त्या काळापासून रूढ झाला. कानेटकरांनी पुढे ‘प्रेमा तुझा रंग कसा’सारखी खेळकर नाटके लिहिली, परंतु ते दालन त्यांनी निराळेच ठेवले.

५

ही दोन दालने पुन्हा एक झाली ती सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’ या नाटकात. पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने १९७९ साली ते सादर केले आणि चंद्रकांत काळे यांनी बर्वे उभा केला. बर्वे हा संगीत रंगभूमीवरील दुय्यम स्त्रीभूमिका करणारा, आता काळाबाहेर पडलेला नट. शामराव त्याला उदबत्त्या विकायला लावतो, त्याची कमाई घेतो. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून. कचेरीतील नलावडेबाई हा त्यांच्या स्वप्नांचा विषय. बर्व्याचे स्वप्न आणि कारकुनांचे स्वप्न एकमेकांत मिसळते. बर्वे त्यांच्या लेखी नलावडेबाई होतो, संसार थाटला जातो, डोहाळेजेवणापर्यंत मजल जाते.

मानसशास्त्रात एका व्यक्तीचा भ्रम निकटच्या दुसऱ्या व्यक्तीने स्वीकारण्याचा प्रकार नोंदलेला आहे. आळेकरांनी ती नोंद डोळ्यांपुढे ठेवून नाटक रचले असे मुळीच सुचवायचे नाही. त्यांची सामग्री नाट्यगीतांची, पुण्यातील मध्यमवर्गीय सणसमारंभांची आणि कचेरीतील फायलींची आहे. पण परिणाम असा होतो, की प्रेक्षकाला भ्रमात सामील व्हावे लागते. ओळखीची पदे ऐकू आली की पुणेरी प्रेक्षकाची मान आपोआप डोलू लागते. आणि ज्या स्मृतिसुखात तो डोलतो, त्याच सुखाने बर्व्याला गिळलेले आहे. डोहाळेजेवणाचा प्रवेश हसवतो खरा, पण कोणाला हसायचे ते ठरत नाही. शामराव येतो, तेव्हा ते सारे विस्कटते. वास्तव परत आले म्हणून प्रेक्षकाला हायसे वाटत नाही; वास्तवाचे नाव येथे शामराव आहे.

निकोलाय गोगोलच्या १८३५ मधील वेड्याच्या रोजनिशीशी याची तुलना उद्बोधक ठरते. तेथेही नायक कारकूनच आहे. वरिष्ठाच्या मुलीची अभिलाषा, हुद्द्याची टोचणी, आणि अखेर आपण स्पेनचे राजे आहोत ही खात्री. रोजनिशी त्याच्याच हातची असल्यामुळे वाचक त्याच्या तर्काने चालत राहतो आणि हसत राहतो. शेवटच्या नोंदीत मार खाणारा माणूस आईला हाक मारतो, तेथे ते हसू गळ्यात अडकते. दोन्ही कृतींत कारकुनीचा संबंध अपघाती नाही. ज्याचे आयुष्य दुसऱ्याच्या शेऱ्यावर चालते, त्याला स्वतःचा शेरा मारता येईल अशी जागा केवळ भ्रमातच उरते. गोगोलचा कारकून एकटा आहे. आळेकरांचे कारकून दोन आहेत आणि त्यांच्या नावांना यमकही आहे. एकमेकांची नक्कल वाटावी असे हे दोघे ‘वेडावणे’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ एकदमच जगतात.

६

साहित्यकृतींबाहेर, बोलीतील विनोदाकडे वळल्यास पुण्यापुरता एक शब्द सर्वांत बोलका आहे. येरवडा. कुणी विचित्र बोलले की ‘याला येरवड्याला पोचवा’ ही कोटी पुणेकराच्या तोंडी ठरलेली. मुंबईकराच्या तोंडी ठाणे येते, कोकणात रत्नागिरी. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी तीन अशी विनोदात स्थायिक झाली आहेत. येरवड्याला मनोरुग्णालयाबरोबर मध्यवर्ती कारागृहही असल्याने कोटीत एक जादा गाठ बसते. ऐकणाऱ्याने वेडा समजावे की गुन्हेगार, हे मोकळे ठेवता येते. ही गाठ केवळ भाषेतली नव्हती. १९१२ चा कायदा मनोरुग्णाला मुख्यतः बंदिस्त ठेवण्याचाच विचार करीत होता. १९८७ च्या कायद्याने त्यात बदल आरंभला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा रुग्णाचा हक्क मानला. कायद्याची भाषा शंभर वर्षांत ‘वेडा’पासून ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ इथवर आली. कोटी मात्र होती तेथेच आहे. या कोटीत हसण्याची सूत्रे सर्वस्वी बाहेरच्यांच्या हाती आहेत. भिंतीआडचा माणूस काही बोलत असेल, विनोदही करीत असेल, याची दखल तिच्यात नाही.

आणि नेमक्या याच आवारात, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. येरवडा मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि अनिल अवचट यांच्या या कामाला आरंभीचे आर्थिक बळ मिळाले ते पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्याकडून. अवचटांच्या ‘गर्द’वरील लेखनाने पु. ल. अस्वस्थ झाले होते. महाराष्ट्राच्या सर्वांत लाडक्या विनोदकाराचा हात व्यसनी रुग्णांच्या केंद्रामागे असावा, हा केवळ चरित्रातील गौरवाचा तपशील मानला जातो. विनोदाच्या अभ्यासात मात्र त्याला जागा दिली गेलेली नाही.

ती द्यावी लागेल, याचे कारण व्यसनमुक्तीच्या समूहोपचाराची पद्धत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांपासून ही पद्धत रूढ आहे. बरे होऊ लागलेला माणूस इतरांसमोर आपली जुनी कर्मकथा सांगतो. बाटली कोठे लपवली, घरी कोणती सबब सांगितली, कोणत्या नातेवाइकाला पगाराच्या दिवशी कितव्यांदा मारले. सांगताना सभेत हशा उठतो आणि सांगणारा स्वतः त्यात सामील असतो. सबबी त्याच असतात, तळीरामाच्याच कुळातल्या. त्यांतील तर्कही तितकाच बिनतोड. पण आता सांगणाऱ्याला भान आहे, आणि हसणाऱ्यांपैकी प्रत्येकाने ती सबब स्वतः वापरलेली आहे. तळीरामाचे हसू आणि सुधाकराचे भान जे नाटकात दोन देहांत राहिले, ते येथे एका माणसाच्या तोंडी येते.

मराठी साहित्याने या बोलण्याची नोंद अजून फारशी घेतलेली नाही. अवचटांच्या लेखनात त्याचे पडसाद आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या स्किझोफ्रेनियावरील चित्रपटाने रुग्णाचे अंतरंग त्याच्या बाजूने दाखवण्याचा गंभीर प्रयत्न केला. तरी रुग्ण स्वतःच स्वतःच्या विकाराविषयी जो विनोद करतो, त्याचे संकलन झालेले नाही. हे संकलन सोपे नाही. अशा सभांतील बोलणे गोपनीय असते, आणि ती गोपनीयता मोडून संशोधन करणे गैर होय. बोलणाऱ्यांची संमती घेऊन, नावे-गावे गाळून, बोलीचे तपशील राखून ते करावे लागेल. स्वरूपशास्त्राच्या अंगानेही अडचण आहे. सभेतील किस्सा ऐकणाऱ्यांच्या प्रतिसादावर आकार घेतो आणि कागदावर उतरताच पुष्कळदा निस्तेज होतो. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना ही अडचण परिचित आहे, आणि ओव्या व भारुडे टिपताना त्यांनी वापरलेल्या पद्धती येथे कितपत चालतील, हे प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावरच कळेल.